ऐझॉलचा ५ मार्च

मिझोराममध्ये पोस्टिंग असताना एका रविवारी चर्चनंतर चहा घेताना एक आजोबा मोडक्या हिंदीत म्हणाले, "तुमच्या विमानांनी आमचं ऐझॉल जाळलं." मी ताडकन विचारलं, "आणि आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा कुणी घातला होता?" पुढे दोघंही गप्प.

दोघंही खरंच बोललो होतो, पण अर्धंच. १९६६ च्या मार्चमध्ये मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला, ठाण्यांवर हल्ले केले. ५ मार्चला हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. आपल्याच देशातल्या गावावर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते साफ नाकारलं होतं. माझ्याकडे पुरावा कुठला? नुसता वर्दीचा अभिमान. तुमच्यापैकी अनेक माजी सैनिकांनाही हे वाचून राग येईल. मलाही आला होता.

मी नगरकडचा ख्रिस्ती. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा लहानपणीच पाठ केलेली. आपल्या गैरसोयीचं तेवढं गाळून सांगणं हीसुद्धा खोटी साक्षच, असं आता माझं मत आहे. मग सांगणारा फौजी असो की मिझो.

पुढच्या रविवारी मीच ५ मार्चचा विषय काढला, काहीही न गाळता. बराच वेळ ऐकून घेतल्यावर आजोबा वेढ्याबद्दल बोलू लागले. त्यांचा चुलतभाऊ त्यात होता.