घरचा मिस्त्री : मोटारीचा एक डोळा मिटला तर

दिवाळीत घरोघरी पणत्या लागतात, आकाशकंदील चढतात. पण दारातल्या जुन्या मोटारीचा मात्र एकच दिवा पेटतो, हे दृश्य काही दुर्मीळ नाही. मुंबईची काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, ‘अँबॅसॅडर’चे उत्पादन तर २०१४ सालीच थांबले, तरी वडिलांनी घेतलेली गाडी मायेने सांभाळणारी घरे अजून आहेत. अशा घरात सणाला गावी निघताना यजमान हमखास म्हणतात, “अहो, एक दिवा आहे ना, तेवढ्यावर भागेल!”

भागत नाही, वाचकहो. उजवा दिवा बंद असला, की समोरून येणाऱ्याला अंधारात ती मोटारसायकल वाटते. पेटलेल्या दिव्याच्या पलीकडे आणखी तीन-चार फूट गाडी आहे, हे त्याला जवळ आल्यावर कळते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून फराळाच्या डब्यांआधी दिव्यांकडे पाहावे.

पहिला प्रश्न असा : एक दिवा गेला की दोन्ही? दोन्ही एकदम गेले, तर बहुधा बल्बचा दोष नसतो. फ्यूज, बटण किंवा डिपर तपासावा. फक्त ‘अप्पर’ किंवा फक्त ‘डिपर’ लागत नसेल आणि तोही एकाच बाजूला, तर बल्बमधली एक तार तुटली असण्याचा संभव अधिक. खात्री करायला पैसे पडत नाहीत. डाव्या-उजव्या दिव्यांचे बल्ब आपसांत बदलून पाहावेत. दोष बल्बाबरोबर गेला तर बल्ब वाईट. जागच्या जागी राहिला तर बल्ब निर्दोष. हॅलोजन बल्ब मात्र थंड झाल्यावरच काढावा आणि त्याच्या काचेला बोट न लावता स्वच्छ रुमालाने धरावा. बोटाचे तेल काचेवर राहिले, की तो लवकर जातो.

आता नेहमीचा चकवा. नवा बल्ब घातला, तरी दिवा पिवळा आणि मिणमिणता! लोक दुसरा बल्ब आणतात, मग बॅटरी बदलतात. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! जुन्या गाडीत खरा गुन्हेगार पुष्कळदा ‘अर्थ’ असतो. वीज बॅटरीतून दिव्याकडे तारेने जाते, पण परतते ती गाडीच्या पत्र्यातून. पावसाळ्यात तिथला स्क्रू गंजला, की परतीची वाट अडते. वाट थोडी अडली तरी नुकसान मोठे होते : दिव्यापाशी दाब दहा टक्के कमी पोचला, तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. हेडलाइट लावताच त्याच बाजूचा इंडिकेटरही मंद पेटू लागला, तर ‘अर्थ’वर संशय पक्का समजावा.

परीक्षा सोपी आहे. दिवा चालू ठेवावा. जाडशा तारेचे एक टोक बल्बच्या ‘अर्थ’च्या पिनेला आणि दुसरे बॅटरीचे जे टोक पत्र्याला जोडलेले असते, त्याला लावावे. दिवा लख्ख झाला, तर रोग सापडला! तो स्क्रू काढून पत्रा आणि तारेचे टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावे, घट्ट आवळावे आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे.

दोन मोह टाळावेत. फ्यूज उडाला म्हणून त्यावर चांदीचा कागद गुंडाळू नये. फ्यूज जळतो तो तारा वाचाव्यात म्हणून. दुसरा मोह जास्त वॉटच्या बल्बचा. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. शंभर वॉटचा आठाहून अधिक. जुन्या तारा आणि बटण त्याने तापतात, वितळतात, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

तारेचे आवरण कडक होऊन तडकले असेल, किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मात्र घरचे प्रयोग थांबवून वायरमनला बोलवावे. त्यालाही ‘दिवा बंद आहे’ एवढेच न सांगता काय तपासले, ते सांगावे. त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसे.

शेवटी सपाट जागेवर गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच खाली पडली, म्हणजे आपल्याला रस्ता दिसेल आणि समोरच्यालाही. इतके झाले, की खुशाल निघावे. रात्र झाली तरी हरकत नाही.