हिवाळ्यांत कबुतरांस विसांवा असावा

कबुतरें पाळण्याचा नाद आपल्याकडे फारसा प्रतिष्ठित मानला जात नाहीं. ज्या मुलाच्या हातीं पुस्तकाऐवजीं गिरेबाज दिसतो तो वायां गेला, असें शेजारीपाजारी खुशाल ठरवून टाकतात. आमचें मत तसें नाहीं. अकबर बादशहाच्या पदरीं वीस हजारांहून अधिक कबुतरें होतीं व तीं उडविण्याच्या खेळास तो 'इश्कबाजी' म्हणे, हें 'ऐने-अकबरी'मध्यें नमूद आहे. चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत पाळीव कबुतरांचा सविस्तर ऊहापोह केला. त्यासाठीं त्यानें स्वतः कबुतरें बाळगलीं व लंडनमधील कबुतर पाळणारांच्या दोन मंडळांत तो सामील झाला. तेव्हां या छंदाची लाज धरण्याचें कारण नाहीं. मात्र जिवंत प्राण्याचा छंद म्हटला कीं जबाबदारी आलीच, आणि ती खरी कसोटीस लागते ती थंडीच्या दिवसांत.

कबुतरें पाळणाऱ्या मुलांचें एक गणित असतें. मादी एका वेळीं दोन अंडीं घालते. सतरा-अठरा दिवसांत पिलें बाहेर पडतात. महिना-सव्वा महिन्यांत तीं आपले दाणे आपण टिपूं लागतात. म्हणजे वर्षांत सहा वेळां वीण झाली तर एका जोडीमागें बारा पिलें! गणितांत चूक काढतां येणार नाहीं. पण कबुतराची मादी कांहीं गिरणीचें यंत्र नव्हे, आणि मार्गशीर्ष-पौषांतील रात्र या हिशेबांत कोणी धरलेली नसते.

हिवाळ्यांत नर व मादी वेगळीं ठेवावीं, असा नियम इंग्रजी पुस्तकांत आढळतो. त्यावर कित्येक जण म्हणतात कीं, तो नियम थंड मुलखाचा. आपणांस त्याचें काय? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. डिसेंबरांत लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. पुण्याचा त्याच वेळीं सुमारें अकरा तासांचा. पक्ष्यांची वीण दिवसाच्या लांबीवर पुष्कळ अवलंबून असते, म्हणून तिकडे ती थंडींत मंदावते. आपल्याकडे कबुतरें बाराही महिने अंडीं घालतात. शिवाय नवी बाजरी घरांत आलेली असते व दुपारचें ऊन सुखाचें असतें. मुंबईकडील व कोंकणांतील कबुतरवाल्यांस वैशाखाच्या उन्हापेक्षां आणि आषाढाच्या ओलीपेक्षां पौष बरा वाटला तर नवल नाहीं. त्यांच्याशीं आमचा वादही नाहीं. आमचें म्हणणें आहे तें देशावरचें. नाशिक जिल्ह्यांत निफाडकडे पारा पांच अंशांच्या खालीं उतरल्याचें वर्तमानपत्रांत आपण वाचतों. तेथें दुपार उबदार असली तरी पहांट तशी नसते, आणि पिलूं मरतें तें पहांटे.

हें कसें घडतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. कबुतराचें पिलूं जन्मतः आंधळें असतें व त्याच्या अंगावर पिवळसर विरळ लव तेवढी असते. आईबाप दोघेंही त्यास पाळीपाळीनें ऊब देतात. सकाळ कलल्यापासून दुपार टळेपर्यंत बहुधा नर बसतो, आणि उरलेला वेळ व सबंध रात्र मादी. पहिले कांहीं दिवस दोघांच्याही गळ्यांतील पिशवींत तयार होणारें दह्यासारखें 'दूध' हेंच पिलाचें अन्न. (बापही पिलास दूध पाजतो असे पक्षी जगांत फार थोडे.) येथवर सर्व ठीक चालतें. परंतु आठ-दहा दिवस झाले कीं आईबाप पिलांवर सतत बसणें सोडतात, आणि त्या वेळीं पिलांचीं पिसें अजून नुसत्या नळ्यांच्या रूपांत असतात. पिलें पंधरा-वीस दिवसांचीं होतात न होतात तोंच मादी पुन्हां अंडीं घालून दुसऱ्या घरट्यांत बसते, आणि पहिल्यांस भरविण्याचें काम बहुतेक नरावर येऊन पडतें. उघड्या पिंजऱ्यांत, अर्धवट पोटानें, अशा पिलानें पहांटेची थंडी कशी सोसावी? मोठें कबूतर त्याच थंडींत पिसें फुगवून ठणठणीत बसलेलें असतें. त्याच्या अंगची उष्णता एकेचाळीस-बेचाळीस अंश असते. त्याच्याकडे पाहूनच मुलांची फसगत होते.

मादीचाही विचार करावा. पावसाळा सरतां सरतां तिचीं जुनीं पिसें गळून नवीं येतात. वर्षभर अंड्यांच्या कवचासाठीं तिनें अंगांतला चुना खर्चिलेला असतो. दोन महिने विसांवा ती मागूं शकत नाहीं. तो आपणच द्यावयाचा असतो.

म्हणून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत नर एका बाजूस व माद्या दुसऱ्या बाजूस, मध्यें जाळी, अशी व्यवस्था करावी. ढाबळींत तेवढी जागा नसेल तर सुताराकडून लाकडी अंडीं करून घ्यावीं व मादीनें अंडीं घालतांच खऱ्यांच्या जागीं तीं ठेवावीं. खरीं अंडीं नुसतीं उचलून घेतलीं तर आठ-दहा दिवसांत ती पुन्हां घालते व अधिकच झिजते. लाकडी अंड्यांवर मात्र जोडी अडीच-तीन आठवडे शांतपणें बसून राहते. या दिवसांत वाटाणा, हरभरा कमी करून ज्वारी, बाजरी व मका वाढवावा. चुनखडीचे व शिंपल्याचे बारीक तुकडे एका परळांत सदैव असावे.

येथें पालकांशीं दोन शब्द बोलणें आहे. थंडी आली कीं ढाबळ चारी बाजूंनीं गोणपाटानें बंद करण्याची चाल फार वाईट. वारा येतो त्या बाजूस आडोसा पुरे; हवा खेळती नसेल तर आंत ओल धरते, आणि विष्ठेची व पिसांची धूळ कोंडून राहते. ही धूळ वर्षानुवर्षें श्वासावाटे गेल्यास कित्येकांस फुप्फुसांचा चिवट विकार जडतो. सन २०२५ मध्यें मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा जो निर्णय झाला, त्याच्या मुळाशीं हीच चिंता होती. ढाबळ निजण्याच्या खोलीला लागून नसावी; विष्ठा खरवडण्यापूर्वीं पाणी शिंपडावें व नाकातोंडास फडकें बांधावें. ज्या घरांत कोणास दम्याचा विकार आहे तेथें मुलानें हा छंद मुळींच करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. इतरांनीं मात्र केवळ भीतीनें मुलाच्या चार जोड्या विकून टाकूं नयेत. चाळीस जोड्या होऊं न देणें हें अधिक शहाणपणाचें, आणि त्यासही हिवाळ्याची विश्रांति उपयोगीच पडते.

ज्यांच्या ढाबळींत आजच उघडीं पिलें असतील त्यांनीं खोलगट मातीच्या परळांत कोरडा पेंढा घालून तीं ठेवावीं, दुसरीं अंडीं आल्यास लाकडी ठेवावीं, आणि सायंकाळीं शेवटचा दाणा भरपूर द्यावा, म्हणजे पिलांच्या गळ्यांतील पिशवी रात्रीं रिकामी राहणार नाहीं. संक्रांतीस जोड्या एकत्र केल्या तर आठ-दहा दिवसांत अंडीं येतात. पिलें उघडीं पडण्याची वेळ येते ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत, महाशिवरात्रीच्या आसपास, जेव्हां देशावरील पहांटही मऊ झालेली असते.