आर्टिस्ट व्हिलेजची मोजणी आजच हवी

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधले आर्टिस्ट व्हिलेज एकेक घर करत नाहीसे होत आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी वसवलेली ही वसाहत जगभरचे वास्तुरचनेचे विद्यार्थी अभ्यासतात. सहा हेक्टर जमीन, सुमारे साडेपाचशे कुटुंबे, आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात-सात घरे आणि कोणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. त्या उतरत्या कौलारू छपरांच्या जागी आता स्लॅबचे मजले चढत आहेत.

रहिवाशांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. संसार वाढेल तसे घर वाढवता यावे, म्हणूनच कोरियांनी भिंती सुट्या ठेवल्या होत्या. आमची तक्रार आहे ती नोंदीविना होणाऱ्या पाडकामाबद्दल. केंद्राचा पुरातत्त्व कायदा शंभर वर्षांखालच्या वास्तूला संरक्षण देत नाही. दिल्लीतला राज रेवल यांचा हॉल ऑफ नेशन्स पंचेचाळीस वर्षांचा असताना, एप्रिल २०१७ मध्ये रातोरात जमीनदोस्त झाला. बेलापूरची घरे तर त्याहूनही तरुण आहेत.

मोजणीची साधने मात्र आज हाताशी आहेत. ड्रोन, लेझर स्कॅनर, अगदी साध्या मोबाइलने काढलेली शेकडो छायाचित्रे जोडूनही घराची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. सतत बदलणाऱ्या वसाहतीला असली नोंदच शोभते, कारण ती घराला गोठवत नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजणी केली आणि दोन वर्षांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या, की कोणता चौक आक्रसला, कुठे भिंत कलली हे लगेच दिसेल.

दिसेल, पण पाहणारा हवा. पॅरिसच्या नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा यंत्राने वेळेवर इशारा दिला होता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, पहारेकरी भलत्याच माळ्यावर पोहोचला आणि जवळपास अर्धा तास वाया गेला. पुढे पुनर्बांधणीला आधार मिळाला तो अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने आधीच करून ठेवलेल्या लेझर मोजणीचा. मन लावून वर्षानुवर्षे त्या दगडांकडे पाहणारा तो माणूस होता. आपल्याकडे स्कॅन करून फाइल कपाटात ठेवण्याची सवय आहे, आणि ती मोडली नाही तर ड्रोनवरचा खर्च पाण्यात जाईल.

म्हणून सिडकोने आपल्याकडचे मूळ नकाशे खुले करावेत. महापालिकेने या वसाहतीत पाडकामाची परवानगी देण्याआधी घराची आणि त्याच्या चौकाची डिजिटल नोंद सक्तीची करावी, तिचा खर्च घरमालकावर टाकू नये. नोंदी दरवर्षी तपासून जागेवर जाणारा एक जबाबदार अधिकारी नावानिशी नेमावा. येत्या पावसाळ्याच्या आत पहिली मोजणी व्हायलाच हवी.