मदतनीसाचे तिकीट कोणी भरावे?

चाकांच्या खुर्चीतून आलेला तरुण आणि त्याची खुर्ची ढकलणारा त्याचा भाऊ मनोरंजन उद्यानाच्या तिकीटखिडकीशी पोचतात, तेव्हा तिकिटे एक घ्यायची की दोन, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु अपंग नागरिकाच्या गरजेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा कल्याणकारी राज्यापुढील मोठा प्रश्नच त्या खिडकीपाशी लहान आकारात उभा असतो. ब्रिटन आणि अमेरिका या देशांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. दोन्ही उत्तरांतील गुणदोष तपासून पाहण्याजोगे आहेत.

ब्रिटनमधील अनेक मोठ्या उद्यानांत अपंग व्यक्तीने स्वतःचे तिकीट घेतले व आवश्यक तो पुरावा दाखवला, तर तिच्या एका मदतनीसाला विनामूल्य प्रवेश मिळतो. अमेरिकेत ही प्रथा तितकीशी रुजलेली नाही. फ्लॉरिडातील डिस्नेच्या उद्यानांत ३ वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येकाला तिकीट लागते. मदतनीस त्याला अपवाद नाही. या भेदामागे कायद्याची दृष्टी आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने अपंगांना सार्वजनिक स्थळी समान प्रवेशाचा हक्क दिला. परंतु जेवू घालणे, स्वच्छतागृहात मदत करणे यांसारख्या वैयक्तिक सेवा पुरविण्याचे बंधन संस्थांवर नाही, असेही त्याखालील नियमांनी स्पष्ट केले. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा सेवा देणाऱ्याने वाजवी फेरफार केलेच पाहिजेत असे सांगतो, आणि त्या फेरफारांचा खर्च अपंग व्यक्तीकडून वसूल करण्यास मनाई करतो. मदतनीसाला फुकट सोडावे असे शब्द त्या कायद्यातही नाहीत. पण त्याच्या भूमिकेतून तसा संकेत रूढ होणे स्वाभाविक होते. तेथील चित्रपटगृहांनी तर २००४ पासूनच सोबत्याच्या मोफत तिकिटासाठी एक सामाईक ओळखपत्र सुरू केले होते.

संयुक्त मागणी

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा संयुक्त मागणीचा प्रश्न आहे. दौत आणि टाक यांची मागणी जशी एकमेकांपासून अलग करता येत नाही, तशीच अपंग व्यक्तीचा प्रवेश आणि मदतनीसाचा प्रवेश यांचीही करता येत नाही. दोन तिकिटे मागणारे उद्यान वस्तुतः एकाच करमणुकीची दुप्पट किंमत मागत असते. शिवाय अनेक खेळांच्या बाबतीत मदतनीसाची अट खुद्द उद्यानानेच घातलेली असते. पाळणा मध्येच बंद पडला तर खाली उतरविण्यास सोबत सक्षम व्यक्ती हवी, असा सुरक्षेचा नियम असतो. नियम रास्त आहे. पण अट घालणाऱ्यानेच तिचे मूल्यही वसूल करावे, हे न्यायाला धरून नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. सहा वर्षांचे धडधाकट मूलही एकटे जात नाही. त्याचे आईबाप आपापली तिकिटे काढतातच. मग अपंग मुलाच्या आईलाच सवलत का? लहान मुलांपुरते पाहिले तर आक्षेपात थोडे तथ्य आहे. परंतु धडधाकट मूल मोठे होते आणि विसाव्या वर्षी मित्रांबरोबर एका तिकिटात जाते. ज्याला सतत मदतीची गरज आहे, त्याला विसाव्या आणि चाळिसाव्या वर्षीही दोन तिकिटे लागतात. हा दुहेरी भार आयुष्यभराचा आहे आणि सवलतीचे खरे समर्थन तेथे आहे.

उद्यानाच्या बाजूने पाहता या सवलतीचा बोजा फारसा नाही. मनोरंजन उद्यानाचा खर्च मुख्यतः स्थिर स्वरूपाचा असतो. जमीन, यंत्रे, देखभाल व नोकरवर्ग यांवर तो होऊनच गेलेला असतो. आणखी एक माणूस आत आला तर सीमांत खर्च जवळजवळ शून्य. उलट मदतनीसाचे तिकीट न परवडल्याने ते दोघेही आले नाहीत, तर उद्यान एक ग्राहक गमावते.

कागदांची किंमत

अर्थात सवलत म्हटली की पुरावा आला. ब्रिटनमध्ये त्यासाठी बहुधा सरकारी भत्त्याचे पत्र मागितले जाते. कामकरी वयाच्या प्रौढांसाठी जुन्या अपंगत्व भत्त्याच्या जागी २०१३ पासून नवा वैयक्तिक भत्ता लागू झाला, आणि त्याच्या पात्रतेची छाननी हा तेथे सततच्या तक्रारीचा विषय राहिला आहे. ज्याला भत्ता नाकारला गेला, तो उद्यानाच्या फाटकाशीही निरुत्तर होतो. परदेशी पाहुण्यापाशी असे पत्र असण्याचा प्रश्नच नाही. नातलगांना भेटायला लंडनला गेलेल्या मराठी कुटुंबाला ही अडचण जाणवू शकते. शिवाय भत्त्याच्या पत्रात आजाराचा व प्राप्तीचा खासगी तपशील असू शकतो. तो तिकीट देणाऱ्या अपरिचित कारकुनापुढे उघडा करणे हीदेखील एक किंमतच आहे. ती पैशात मोजली जात नाही, इतकेच.

तिकीट वेगळे, रांग वेगळी

कडक पुरावा मागण्याचे कारण म्हणून गैरवापराकडे बोट दाखवले जाते. १९१३ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०१३ साली, न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राने बातमी दिली की तेथील काही धनिक कुटुंबे डिस्नेच्या उद्यानात रांग टाळण्यासाठी अपंग व्यक्तींना तासाला १३० डॉलर देऊन ‘वाटाड्या’ म्हणून भाड्याने घेत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने जुने ओळखपत्र रद्द केले आणि थेट प्रवेशाऐवजी परत येण्याची वेळ नेमून देण्याची पद्धत आणली. २०२४ मध्ये ही सवलत मुख्यतः स्वमग्नता व तत्सम विकासात्मक अपंगत्व असलेल्यांपुरती मर्यादित करण्यात आली, आणि खोटी माहिती देणाऱ्यास उद्यानात कायमची बंदी घालण्याचा इशाराही देण्यात आला. इतर व्याधींनी रांगेत उभे राहू न शकणारे अनेक जण त्यामुळे नाराज झाले.

पण येथे दोन भिन्न सवलतींची गल्लत होते. गैरवापर झाला तो रांगेतील अग्रक्रमाचा. मदतनीसाच्या तिकिटाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मदतनीस फुकट आत आल्याने दुसऱ्या कोणाचे फारसे काही जात नाही. रांगेतील अग्रक्रमाचे तसे नाही; तेथे एकाने वाचवलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. शिवाय डिस्नेने १९९९ पासून मोफत दिलेली रांग टाळण्याची सोय २०२१ पासून पैसे घेऊन विकण्यास प्रारंभ केला. जी वस्तू बाजारात विकली जाऊ लागते, ती फुकट मिळविण्याचा मोह वाढणारच. हा मोह उद्यानांच्या धंद्यातून निर्माण झाला. त्याची शिक्षा गरजू अपंगांना होऊ नये. रांगेच्या सवलतीची छाननी कडक असावी, मदतनीसाच्या प्रवेशाची सौम्य असावी. दोहोंना एकच गाळणी लावणे हे अर्थशास्त्र नव्हे आणि न्यायही नव्हे.

आपले उत्तर

भारताला हे तत्त्व नवीन नाही. पूर्णतः अंध, तसेच मदतनीसाविना प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग व बौद्धिक अपंग यांना रेल्वे साध्या व शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत देते आणि मदतनीसालाही तीच देते. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेकांच्या सवलती थांबल्या, तेव्हाही ही सवलत टिकली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मदतनीसाची व्याख्या करताना वेतन घेणारा व न घेणारा असा भेद केला नाही, आणि करमणुकीत सहभागी होण्याचा अपंगांचा हक्कही मान्य केला. मात्र या दोन तरतुदींची सांगड खासगी उद्यानाच्या तिकीटखिडकीशी घालण्याचे काम बाकी आहे.

ते अवघड नाही. किमान ४० टक्के अपंगत्वाची नेहमीची कसोटी येथे अपुरी आहे, कारण टक्केवारी व्यंग मोजते, सोबतीची गरज मोजत नाही. अपंगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रावर त्या गरजेची स्पष्ट नोंद असावी आणि ती दाखवताच, दुसरा कोणताही कागद न मागता, एका मदतनीसाला प्रवेश मिळावा. नियम सर्व उद्यानांना सारखा असावा, म्हणजे उदारपणा दाखवणाऱ्याला स्पर्धेत तोटा होणार नाही. मदतनीस त्या दिवशीही कामावरच असतो. कामावर आलेल्या माणसाकडून प्रवेशमूल्य घेण्याची रीत कोणत्याही कारखान्यात नाही. ती करमणुकीच्या फाटकाशीच का असावी, याचे उत्तर उद्यानांच्या चालकांनी द्यावयाचे आहे.