किल्ल्याच्या पायथ्याची माणसे कोठे गेली?

दिवाळी आली की महाराष्ट्रातील अंगणांत किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा लेप, उतारावर पेरलेले हळीव, माथ्यावर सिंहासन आणि वाटेवाटेवर मावळे. लढायांचे असे छोटे देखावे मांडण्याचा छंद इतर देशांत प्रौढ माणसे पदरचे पैसे खर्चून करतात. आपल्याकडे तो मुलांनी रस्त्यावरची माती आणि पडके दगड घेऊन लोकांचा केला, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही आपल्यातील पुष्कळ कार्यकर्ते या किल्ल्यांकडे पोरखेळ म्हणून पाहतात. काहींना त्यात पुनरुज्जीवनवादाचा वास येतो. काहींना मुलांच्या हाती तोफा-तलवारी देणेच मंजूर नाही. या तिन्ही भूमिका चुकीच्या आहेत, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मूल इतिहासाचे पुस्तक हाती घेण्याआधी इतिहास हाताने रचते. त्या रचनेत कोणाला जागा मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा राजकारणाचा प्रश्न आहे. आपण तो सोडून दिला म्हणून तो सुटलेला नाही. दुसऱ्यांनी तो उचलला आहे.

पूर्वी कुंभारवाड्यातून येणाऱ्या मातीच्या चित्रांत राजा आणि मावळे असत, तसाच बैलजोडीमागे चालणारा शेतकरी असे, घागर घेतलेली बाई असे, गवळण असे, तराजू धरलेला वाणी असे. मुले त्यांना किल्ल्याच्या पायथ्याशी मांडीत आणि तेथे आपोआप गाव वसे. आज बाजारात साच्यातून काढलेले संच मिळतात. त्यांत बहुधा राजा, मावळे, भालदार आणि तोफा एवढेच असते. किल्लाही प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, रंगवून तयार. पैसे मोजावेत आणि अंगणात आणून ठेवावा! मुलाच्या नखांत माती जाण्याचे कारण उरले नाही, आणि किल्ला बांधावा लागतो, तो कोणीतरी बांधतो, हे कळण्याचेही कारण उरले नाही. बाजाराने प्रथम कुंभाराचे काम हिरावले, मग मुलाचे श्रम हिरावले, आणि शेवटी देखाव्यातून रयतच काढून टाकली. या तीन गोष्टी एकाच क्रमाने घडल्या आहेत.

देखाव्यातील प्रमाणाचे पाहा. राजाची मूर्ती महादरवाजापेक्षा उंच आणि मावळा बुरुजाला खेटून उभा. मुलाने प्रेमाने राजा मोठा केला, तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु राजा जितका वाढतो तितका किल्ला लहान होतो, आणि किल्ला लहान झाला की तो बांधणारे हात दिसेनासे होतात. रायगडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे. त्यांच्या हाताखालचे पाथरवट, बेलदार, लोहार, सुतार, चुना मळणाऱ्या बाया यांची नावे कोठे कोरलेली आहेत? निदान मातीच्या किल्ल्यात तरी त्यांना उभे राहण्यापुरती जागा असावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रतापगडचा प्रसंग, १० नोव्हेंबर १६५९ चा, देखाव्यांत पुनःपुन्हा मांडला जातो. आणि तो अशा रीतीने मांडला जातो की पाहणाऱ्या मुलाच्या मनावर दोन धर्मांच्या झुंजीचेच चित्र ठसावे. या देखाव्यात अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर सहसा दिसत नाही. महाराजांसोबतच्या निवडक रक्षकांच्या यादीत जिवा महालाबरोबर सिद्दी इब्राहिमचेही नाव येते. त्याचीही मूर्ती कोणी घडवीत नाही. पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमाराचा दौलतखान, हे तर संचाच्या खोक्यात कधी शिरलेच नाहीत. ज्याला हे राज्य समजावयाचे आहे, त्याने ही माणसे वगळून चालणार नाही. ती वगळणे हा विसराळूपणा नाही. मुलांच्या मनात पेरावयाच्या द्वेषाची ती पूर्वतयारी आहे.

महाराजांच्या राज्याची खरी ओळख तलवारीच्या चित्रात पुरती होत नाही. १६७० च्या दशकात त्यांनी चिपळूणच्या छावणीतील लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच संपविली, तर पावसाळ्यात काही उरणार नाही. मग तुम्ही कुणब्यांकडून धान्य-भाजी ओढू लागाल, आणि त्यांना वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इतक्या बारकाईने त्यात ताकीद आहे. गवताच्या गंजीची आणि कुणब्याच्या भाजीची ज्या राज्याला काळजी होती, त्या राज्याच्या देखाव्यात गंजीही नाही आणि कुणबीही नाही! जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पवाडा रचला आणि गोविंद पानसरे यांनी १९८८ मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका लिहिली, ती हा राजा रयतेच्या हाती परत द्यावा म्हणून. आपण ते काम सभागृहात करतो. अंगणात मात्र करीत नाही.

आता भंडारा जिल्ह्याकडे येऊ. किल्ले करण्याची चाल पश्चिम महाराष्ट्रात अधिक रुजलेली. धानाच्या चौरास पट्ट्यात तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी मुलांना अधिक जवळचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत, जिंजी तामिळनाडूत. विदर्भातील एकही नाही. त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. परंतु पवनी तालुक्यातील आसगावच्या मुलाने उद्या किल्ला करावयाचे मनात आणले, तर त्याला बाजार रायगडचा संच देईल, आणि इतिहास दुसरीकडेच घडला, असे तो धरून चालेल. त्याच्याच तालुक्यात वैनगंगेकाठी पवनीचा परकोट आणि खंदक आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा प्राचीन स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. पायरीवर नाव न मिळालेल्या पाथरवटाच्या मानाने ही माणसे भाग्यवान म्हणावयाची. त्याच जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात अंबागड आहे. देवगडच्या गोंड राजाच्या, बख्त बुलंदच्या अमदानीत एका पठाण सरदाराने तो १७०० च्या सुमारास बांधला. गोंड राज्य, पठाण बांधणारा, आणि दगड वाहणारे हात बहुधा आसपासच्या गावांतले. दोन धर्मांच्या झुंजीच्या साच्यात हा किल्ला बसवून दाखवा!

तेव्हा आपल्या साथींनी येत्या दिवाळीस काय करावे? किल्ल्यांना नाके मुरडू नयेत. बक्षिसांच्या फलकावर पुढाऱ्यांची छायाचित्रे लावणाऱ्या स्पर्धांच्या मागेही धावू नये. वस्तीतील मुलांबरोबर चिखलात बसावे. गावात कुंभार असेल तर चित्रे त्याच्याकडून घ्यावीत, आणि त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे. नसेल तर मुलांनी आपल्या हातांनी माती मळावी; बैल ओबडधोबड झाला तरी चालेल. आसगावच्या मुलांनी पवनीचा परकोट करावा, खंदकात पाणी सोडावे. माथ्यावर राजा अवश्य असावा. परंतु पायथ्याशी धानाची बांधी असावी, कापणी करणाऱ्या बाया असाव्यात, दगड फोडणारा पाथरवट असावा, आणि घेऱ्यात जागता पहारा देणारे रामोशी, महार, मांग, बेरड असावेत. पाहावयास येणाऱ्या प्रत्येकाला मुलाने सांगावे की हे धान्य गडावर जाते, म्हणून गड लढतो.

हे सांगता येणारे मूल मोठेपणी कोणत्याही सिंहासनापुढे सहजासहजी मान लववणार नाही. म्हणूनच बाजाराला आणि द्वेषाच्या व्यापाऱ्यांना तयार किल्ला हवा असतो. आपल्याला तो मातीचा हवा, आणि माणसांनी भरलेला हवा.