वेबसाइटवरचा भाव बदलायला दुसऱ्याची वाट का बघायची?



आजच्या व्हिडिओत काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करून बऱ्याच पानांवरचे भाव एकदम बदलून दाखवलेत. "हे डेव्हलपरचं काम, आपण दुकानदार माणसं" असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे : माल तुमचा, वेबसाइट तुमची, तर भाव बदलायची किल्लीही तुमच्याच खिशात हवी.

उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. मूळ किंमत १०० रुपये असेल, तर ११८ ची बाटली १०५ ला झाली. दुकानातली पाटी तुम्ही त्याच दिवशी बदलाल. पण वेबसाइटवर जुनाच भाव दिसला तर गिऱ्हाईक वाद घालत बसत नाही, गुपचूप दुसरीकडे जातं.

साध्या एचटीएमएल पानांची साइट असेल तर 'सेड' नावाची छोटी कमांड पुरते. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तयार झालेली ही कमांड आजही फुकट मिळते. लिनक्स आणि मॅकमध्ये ती असतेच, विंडोजवर 'गिट बॅश' टाकलं की येते. तिला एवढंच सांगायचं : हे शोध, त्याजागी ते घाल.

पण नुसतं "११८ शोध, १०५ घाल" म्हणालात तर घोटाळा होईल. ११८० ची वस्तू १०५० ला दिसेल. फोन नंबरात ११८ असेल तर नंबर बदलेल. फोटोच्या फाइलच्या नावात असेल तर फोटोच गायब! म्हणून आकडा एकटा शोधायचा नाही. किमतीचा उघडणारा टॅग, मधला आकडा आणि बंद होणारा टॅग, तिन्ही मिळून शोधायचं. टॅग म्हणजे आकड्याच्या दोन्ही बाजूंचं कुंपण समजा.

माझे चार नियम :

१. दर बदललेल्या मालाचीच पानं वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ११८ चा दुसरा माल असू शकतो, ज्याचा दर तोच आहे.

२. आधी 'ग्रेप' कमांडने नुसतं शोधा. किती पानं सापडली ते मोजा.

३. एका पानावर बदल करा, ब्राउझरमध्ये बघा, मगच बाकीच्यांवर.

४. सापडलं नाही तर दोन गोष्टी तपासा. सेड एकेक ओळ वाचतं, त्यामुळे टॅग दोन ओळींत तुटला असेल तर त्याला दिसत नाही. आणि भाव मराठी आकड्यांत असेल तर इंग्रजी आकड्यांनी शोधून मिळणार नाही.

आता मर्यादाही सांगतो. वर्डप्रेसवरचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. प्रत्येक पानाची रचना वेगळी असेल, टॅगमध्ये टॅग असतील, तर पायथनचं 'ब्यूटिफुल सूप' वापरा किंवा सरळ जाणकाराला पैसे द्या. त्यात कमीपणा नाही.

पण एका साच्यातली पानं आणि एक बदललेला आकडा, एवढ्यासाठी कुणाच्या फोनची वाट बघत बसू नका. आपण हिशेबाची वही दुसऱ्याच्या घरी ठेवतो का? मग भावपत्रक तरी का ठेवायचं?

आज एकच करा. आपल्या साइटचं एक पान कॉपी करा आणि त्यावर हात साफ करा.