दानपेटी आणि मतपेटी

टेक्सस राज्यातील दोन चर्च आणि धार्मिक प्रसारकांची एक संघटना यांनी 2024 मध्ये अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याविरुद्ध दावा गुदरला. त्या दाव्यात 7 जुलै 2025 रोजी प्रतिवादी खातेच वादींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. चर्चने उपासनेच्या ओघात आपल्या भाविकांपुढे एखाद्या उमेदवाराची तरफदारी केली, तर तो निवडणुकीतील हस्तक्षेप मानू नये, असा संयुक्त अर्जच उभयतांनी न्यायालयात केला. प्रश्न परदेशातला खरा. परंतु देऊळ आणि इगर्ज जिथे एकाच गावात नांदतात, तिथल्या वाचकाला तो परका वाटू नये.

अमेरिकेतील चर्चला मिळणारी सवलत दुहेरी आहे. चर्चला आलेल्या देणग्यांवर कर नाही आणि देणाऱ्यालाही ती रक्कम आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. इतर धर्मादाय संस्थांना भरावे लागणारे वार्षिक विवरणपत्रही चर्चला माफ आहे. 1970 च्या वॉल्झ खटल्यात, मालमत्ताकराच्या माफीबाबत, सरन्यायाधीश बर्गर यांनी असा भेद केला होता की, येथे सरकार चर्चला काही देत नाही, केवळ त्याच्याकडे मागत नाही. हा भेद आम्हांस पटतो. कर बसवला की मूल्यांकन आले, थकबाकी आली, जप्तीही आली. म्हणजे ज्या गुंत्यातून दोघांनी सुटावे, त्यातच दोघे अधिक अडकणार.

परंतु या न मागण्यालाही एक अट होती. करमुक्त धर्मादाय संस्थांनी कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार करू नये, हे कलम 1954 मध्ये सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी कायद्यात घातले. त्यांचा हेतू निर्मळ होता असे कोणी म्हणणार नाही. नियम मात्र चांगला निघाला. वर्णभेद, युद्ध, गर्भपात यांवर चर्चने बोलू नये, असे तो सांगत नाही. किंबहुना मार्टिन ल्यूथर किंग यांचा लढा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच उभा राहिला.

खरी मेख पैशात आहे. 1992 च्या अध्यक्षीय निवडणुकीला चार दिवस उरले असता न्यूयॉर्क राज्यातील एका चर्चने दोन दैनिकांत पानभर जाहिरात देऊन क्लिंटन यांच्याविरुद्ध ख्रिस्ती मतदारांना सावध केले. आणि जाहिरातीच्या खर्चासाठी करसवलतीस पात्र अशा देणग्या आनंदाने स्वीकारल्या जातील, असेही तळाशी छापले! 1995 मध्ये त्या चर्चची सवलत गेली व 2000 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर अमेरिकेत करसवलत नाही. तोच डॉलर चर्चच्या वाटेने प्रचारात उतरला, तर मात्र सवलत मिळते आणि तिचा भार त्या उमेदवाराच्या विरोधकांसह सर्व करदात्यांवर पडतो. 2008 पासून काही धर्मोपदेशक उघडपणे नियम मोडत आले व खाते डोळेझाक करीत राहिले, हे खरे. परंतु डोळेझाक करणे निराळे आणि मुभा देणे निराळे. शिवाय 2026 पासून खर्चाचा तपशील न देता सरसकट वजावट घेणाऱ्या करदात्यालाही 1000 डॉलरपर्यंतच्या दानावर सूट ठेवण्यात आली आहे, म्हणजे सामान्य भाविकाचे छोटे दानही आता या सवलतीच्या कक्षेत येणार.

सरकारच्या ओंजळीने पाणी पिण्याचे मोल काय असते, हे गोमंतकाला शिकवावे लागत नाही. पाद्रुआदोच्या व्यवस्थेत चर्चच्या पोषणाची जबाबदारी पोर्तुगालच्या राजाने उचलली, तेव्हा बिशपांची निवडही त्याच्याच हाती गेली. आपल्याकडे धर्मस्थळांची जागा व निधी राजकारणासाठी वापरण्यास 1988 च्या कायद्याने बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे निवडणुकीच्या हंगामात देवळांच्या आणि इगर्जींच्या आवारात सर्वांना दिसतेच.

अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेला हा धोका उमगलेला दिसतो. प्राप्तिकर खात्याने मोकळीक देऊ करताच, आपण कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा वा विरोध न करण्याची भूमिका सोडणार नाही, असे तिने लगोलग जाहीर केले.